चेक इंजिन लाइट लागली? सुटे भाग बदलण्याआधी या चुका टाळा

स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड आला, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला. लाइट विझली आणि चार दिवसांनी पुन्हा लागली. असं फार वेळा होतं, आणि काढून टाकलेला सेन्सर बऱ्याचदा ठणठणीत असतो. कोड म्हणजे ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) काय मोजलं याची नोंद. कुठला भाग बिघडला हे तो सांगत नाही.

पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे वजनी प्रमाण राखण्यासाठी ईसीयू पेट्रोल वाढवत गेला आणि त्याची वाढवण्याची मर्यादा संपली, इतकंच यातून कळतं. कारण शोधायचं तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडे बघा. आयडलला (इंजिन चालू, अॅक्सिलरेटर सोडलेला) ट्रिम अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्यावर येत असेल, तर इनटेकमध्ये बाहेरची हवा शिरतेय. फाटलेला व्हॅक्युम होज किंवा गेलेलं गॅस्केट तपासा. गळतीतून येणारी हवा आयडलला मोठा हिस्सा ठरते. थ्रॉटल उघडल्यावर तीच नगण्य होते. उलट, आयडलला सगळं ठीक आणि लोडवर ट्रिम चढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर यांच्यावर संशय घ्यावा.

पी०३०३ आला की लगेच कॉइल बदलणं

पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, त्यातलं मिश्रण नीट पेटलं नाही. मिसफायर पकडण्यासाठी सिलिंडरमध्ये वेगळा सेन्सर सहसा नसतो. क्रँक सेन्सर क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राचा एकेक दात किती वेळात पुढे सरकतो ते मोजतो. सिलिंडर पेटला की क्रँकला झटका मिळून तो किंचित वेग घेतो. नाही पेटला तर तेवढ्यापुरता मंदावतो. कुठल्या सिलिंडरच्या पाळीला मंदावला यावरून पी०३०१, पी०३०२ असे नंबर ठरतात. तो का पेटला नाही, हे मात्र या मोजणीत कुठेच येत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, गळका व्हॉल्व्ह, सगळ्यांचा परिणाम क्रँकला सारखाच दिसतो.

कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग. तिचा स्वतंत्र कोड, म्हणजे पी०३५१ वगैरे, प्रायमरी सर्किटवर (कमी व्होल्टेजच्या बाजूवर) नजर ठेवतो. ठिणगीची बाजू लीक होत असेल तर तो बहुधा येतच नाही. इंजेक्टरचंही तसंच: वायर तुटली तर पी०२०१ सारखा कोड येईल, पण चोंदलेला इंजेक्टर त्यातून सुटतो.

म्हणून आधी अदलाबदल करा. इंजिन थंड झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच दोषी. पी०३०३ च राहिला तर हाच प्रयोग प्लगवर, मग इंजेक्टरवर. तरीही हलला नाही तर कॉम्प्रेशन मोजा. (क्रँक सेन्सर किंवा फ्लायव्हीलचं काम नुकतंच झालं असेल, तर काही गाड्यांना रीलर्न करावं लागतं, म्हणजे ईसीयूला क्रँकची मोजणी नव्याने शिकवावी लागते, ते राहिलं तर मिसफायर नसतानाही कोड येऊ शकतो.)

मिसफायर आणि लीन हे दोन्ही कोड एकत्र आले, तर मिसफायर आधी सोडवा. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये आला की ईसीयूची समजूत होते की मिश्रण लीन आहे, आणि तो धडधाकट सिलिंडरांनाही जादा पेट्रोल देऊ लागतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी अशीच फसगत होते.

लाइट लुकलुकत असताना गाडी दामटणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. स्थिर लाइटवर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकणारी लाइट म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतंय. आतली जाळी वितळू शकते. अॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा आणि गाडी टो करून न्या.

आधी कोड पुसणं, मग विचार करणं

कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. दोष नोंदला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान असा धागा त्यातच असतो, म्हणून आधी त्याचा फोटो काढून ठेवा. पुसल्यावर रेडिनेस मॉनिटरही, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, शून्यापासून सुरू होतात. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय लाइट लागत नाही. त्यामुळे दुरुस्तीनंतर लगेच लाइट विझलेली दिसली तरी थंड इंजिनपासून सुरुवात करून शहरात आणि हायवेवर गाडी चालवा, मॉनिटर पूर्ण होऊ द्या आणि पेंडिंग कोड (दिसलेला, पण अजून पक्का न झालेला दोष) पुन्हा वाचा.