शाळेच्या इमारतीची पाहणी कशी करावी: आधी छत, मग बाकीचं

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारती पाहायला मी बावीस वर्षं जाते आहे. आधी नोकरीचा भाग म्हणून जायचे, आता गावं बोलावतात म्हणून जाते. मी पोचायच्या आधीच दुरुस्तीची यादी तयार असते: रंग, फरशी, दरवाजे, गेट. छत त्या यादीत असलंच, तर ‘गिलावा पडतो, मारून घेणे’ एवढ्या एका ओळीत असतं. हा लेख त्या ओळीसाठी आहे. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना, मुख्याध्यापकांना, सरपंचांना स्वतः करता येईल एवढंच यात सांगते. इंजिनियरची सही शेवटी लागणारच आहे. पण ते अर्ध्या तासात फेरी मारून जातात, आणि त्या अर्ध्या तासात त्यांना काय दाखवायचं हे तुम्हाला माहीत हवं.

कधी जायचं

दोनदा जायचं. एकदा ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना, आणि एकदा मे महिन्यात. फक्त उन्हाळ्यात पाहणी केली तर गळती दिसत नाही. फक्त पावसाळ्यात केली तर भेगा फसवतात. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीवर हे फार होतं. उन्हाळ्यात माती आकसते, पाया खाली बसतो, भिंतीला भेग पडते. पावसात माती फुगली की तीच भेग मिटते आणि कुणीतरी तिच्यात सिमेंट भरून ‘दुरुस्ती झाली’ असं लिहून टाकतं. पुढच्या मेमध्ये ती पुन्हा उघडलेली असते.

शाळा नुकतीच रंगवली असेल तर पाहणी पुढे ढकलू नका, पण जे दिसतं त्यावर विश्वासही ठेवू नका. का ते पुढे सांगते.

मुलांना विचारा

शिडी लावायच्या आधी प्रत्येक वर्गात दहा मिनिटं बसा. कुठे पाणी पडतं, कुठे माती पडते, कुठल्या कोपऱ्यात कुणी बसत नाही, हे मुलांना नेमकं माहीत असतं. ‘मॅडम, तिथं नाही बसत आम्ही, डोक्यात खडे येतात,’ हे वाक्य मी किती शाळांमध्ये ऐकलं असेल! २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. वरून खडे पडत असल्याचं आम्ही आधी सांगितलं होतं, असं वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितल्याचं बातम्यांत आलं. मुलं जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही विचारा. दिवसभर त्या तिथेच असतात, आणि स्वयंपाकघराच्या छताकडे दुसरं कुणी बघतच नाही.

गच्चीवर

छत तपासायची सुरुवात वरून करायची. पाणी कुठे साचतं, पावसाळी पाइपाचं तोंड पाल्यानं बुजलंय का, कठड्याच्या कडेला झाड उगवलंय का, हे बघा. पिंपळाचं रोप दिसलं तर त्याचं मूळ स्लॅबमध्ये किती आत गेलंय हे पाहिल्याशिवाय ते उपटू नका.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती जवळपास सगळे विसरतात. गच्ची गळते म्हणून कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर, केलेला असतो. दहा वर्षांनी पुन्हा गळते, म्हणून जुना न काढता त्यावरच दुसरा कोबा. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस मीटरला जवळपास २०० किलो भरतो. माणसांनी वावरायच्या सपाट गच्चीवर डिझाइनमध्ये माणसांचा-सामानाचा जो बदलता भार धरतात तो चौरस मीटरला १५० किलो. म्हणजे गळती थांबवायला टाकलेला दुसरा थरच छताला जड होतो. एका कोपऱ्यात कोबा फोडून किती थर आहेत ते मोजा आणि अहवालात लिहा. ‘जुना कोबा पूर्ण काढून’ हे शब्द अंदाजपत्रकात आले पाहिजेत. ते नसतील तर सही करू नका.

खालून स्लॅब वाचणं

आता खरं काम. इथे मी एकदा फार मोठी चूक केली आहे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका शाळेत गेले. वर्ग नुकताच रंगवलेला, छत पांढरंशुभ्र, एकही डाग नाही. मी ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहिलं आणि पुढच्या शाळेला निघाले. पाच महिन्यांनी रविवारी रात्री त्या छताचा दोन फुटांचा तुकडा खाली आला, सळयांच्या गंजासकट. त्या जागी सोमवारी सकाळी दुसरीतली अकरा मुलं बसायची. रविवार होता म्हणून ती वाचली. रंगाखाली गिलावा आणि गिलाव्याखाली सळई काय अवस्थेत आहे हे मी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून छताला हात लावल्याशिवाय मी कागदावर काहीही लिहीत नाही.

आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या. काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळेच आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि हा गुण वरून आत कमी होत जातो. त्यात गळतीचं पाणी आलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग येते, मग फुगवटा, मग तुकडा पडतो. कोकणात खारी हवा हे सगळं आणखी लवकर घडवते. थोडक्यात, तुकडा पडतो तेव्हा आजार जुना झालेला असतो, आणि तिथे नवा गिलावा मारणं म्हणजे गंजावर फडकं टाकणं आहे.

तपासायचं असं. खिडक्या लावून अंधार करा आणि टॉर्च छताला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. तिरप्या उजेडात रंगाखालचा फुगवटाही सावली टाकतो. सरळ वर उजेड मारून काही दिसत नाही. मग खडूनं छतावर दोन-दोन फुटांचे चौकोन आखा, आणि प्रत्येक चौकोनात हलक्या हातोडीनं चार-पाच ठिकाणी ठोका. डोक्यावर हेल्मेट हवंच आणि खोलीत मुलं नकोत. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. सुटलेलं बद्द वाजतं. पहिल्या दहा मिनिटांत फरक कानाला कळत नाही, म्हणून आधी बीमच्या भिंतीजवळच्या कोरड्या भागावर ठोकून तो आवाज कानात बसवा. बद्द चौकोनावर फुली मारा, पूर्ण छताचा फोटो काढा, नकाशात उतरवा.

हे करताना पावलोपावली ‘गिलावाच सुटलाय, आतला स्लॅब पक्का आहे’ असं कुणीतरी सांगेल. असेलही. पण ते आवाजावरून ठरत नाही, फोडूनच ठरतं. तीन जागा फोडा: खोलीच्या मधोमध, सगळ्यात जास्त ओल असलेल्या भिंतीजवळ, आणि बीमच्या तळाला. सळई दिसेपर्यंत हळूच छिन्नी चालवायची, त्याहून जास्त नाही. फुगवट्याच्या बरोबर खाली उभं राहून हे कधीही करू नका. हे काम गवंडी बरोबर असतानाच करायचं.

उघड्या पडलेल्या सळईवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून व्यास मोजा. आठ मिलीमीटरची सळई घासून सहा भरली तर व्यास फक्त पावपट गेला असं वाटतं. प्रत्यक्षात तिचा छेद जवळपास ४४ टक्क्यांनी कमी झालेला असतो, आणि ताण पेलायची ताकद त्याच प्रमाणात गेलेली असते. हा आकडा गाववाल्यांसमोर फळ्यावर मांडा. यानंतर ‘गिलावा मारून घेऊ’ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

फोडलेल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून ते मिळतं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळई राखतंय. रंग आलाच नाही तर तो थर संपला. बिनरंगाचा थर सळईच्या पलीकडे गेला असेल, तर आज न गंजलेली सळईही पाणी मिळताच गंजणार आहे.

यानंतर माझा ठोकताळा असा आहे. तो नियम नाही, माझा अनुभव आहे. फुल्या दोन-तीन चौकोनांतच आणि सळई शाबूत असेल, तर गळती बंद करून तेवढ्या भागाची दुरुस्ती होते. पाव छत बद्द वाजत असेल किंवा कुठल्याही बीमची सळई उघडी पडून बारीक झाली असेल, तर खोली त्याच दिवशी बंद करा आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी, मागा. मुख्य सळयाच खाल्ल्या गेल्या असतील तर दुरुस्तीचा हट्ट सोडा आणि निर्लेखनाचा, म्हणजे खोली वापरातून कायमची काढून पाडायचा, प्रस्ताव करा. खालून लोखंडी टेकू लावून वर्ग भरवायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. टेकू कामगारांसाठी असतात. त्यांच्याखाली तिसरीच्या मुलांनी पाढे म्हणायचे नसतात.

भिंती

भेग कोणत्या दिशेला जाते ते बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग बहुतेक वेळा पाया खचल्याचं सांगते. स्लॅबच्या लगत खाली आडवी जाणारी भेग सहसा उन्हानं स्लॅब ताणल्याची असते आणि ती तितकी वाईट नाही. जुन्या आणि नव्या खोलीच्या सांध्यातली सरळ उभी भेग बहुधा वेगवेगळ्या पायांमुळे पडते. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटनं चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून हलते आहे.

दगड-मातीच्या जुन्या भिंती मात्र वेगळ्या. भिंतीला पोट सुटलंय का हे ओळंबा सोडून पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींनी माणसं मारली. जाड भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर एकत्र बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, त्यामुळे थर सुटे झाले. पोट सुटलेल्या भिंतीवर नवा पत्रा किंवा स्लॅब चढवू नका.

शौचालयात पाणी येतं का आणि मुलींच्या बाजूला आतून कडी लागते का, एवढं पाहिलं तरी पुरे. वायरिंग वायरमनला दाखवा.

किती मुलं, किती खोल्या

यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, नोंदीत ‘सात खोल्या’ असतात आणि शाळेत वर्ग तीनच भरतात. म्हणून खोल्या कागदावरून मोजू नका, कुलपं उघडून मोजा. एकीत तांदळाची पोती, एकीत अंगणवाडी, एकीत मोडकी बाकं, एक ‘डिजिटल’ म्हणून वर्षभर बंद. यातून धोकादायक खोली वजा करा. उरल्या त्या खऱ्या.

मग पट. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय मुख्याध्यापकांसाठी कार्यालय-भांडार खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, रॅम्प हे असलंच पाहिजे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, अशी कायद्याची पायरी आहे. पण नुसता आजचा पट धरून नवी खोली मागू नका. अंगणवाडीच्या रजिस्टरमधली तीन ते सहा वर्षांची मुलं मोजा, म्हणजे पुढच्या तीन वर्षांची पहिली दिसते. बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात हजेरी जानेवारीत मोजली तर निम्मा गाव कारखान्यावर असतो. तिथे जुलै-ऑगस्टची हजेरी धरा. हंगामात गावात राहणाऱ्या मुलांसाठीही खोली लागते आणि परत येणाऱ्यांसाठीही.

पट घटतोय म्हणून धोकादायक खोली पाडली तर बदल्यात मिळणार नाही, ही भीती गावोगाव असते आणि तिच्यापायी पडकी खोली कागदावर ‘चांगली’ राहते. असं करू नका. त्या एका शब्दामुळे मुलं पुन्हा तिथे बसतात.

आराखडा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा व्यवस्थापन समितीनंच करायचा असतो. पाहणीचा नकाशा, फोटो आणि मुलांची नोंदवही त्याला जोडा. क्रम असा लावा: आजपासून कोणत्या खोलीत कुणी बसणार नाही, मग गच्चीचं पाणी, मग स्लॅब-बीम-पाया, मग शौचालय, पाणी, वीज, आणि सगळ्यात शेवटी फरशी आणि रंग. पैसे अर्धेच आले तर यादी खालून कापायची, वरून कधीच नाही.

निर्लेखनाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जातो, त्याला बांधकाम विभागाचा तांत्रिक अहवाल लागतो आणि वेळ जातो. म्हणून तो सप्टेंबरातच द्या. दुरुस्तीचं अंदाजपत्रक दिवाळीनंतर लगेच मागा, म्हणजे काम मेच्या सुट्टीत बसतं. मार्चअखेरीस घाईनं सुरू केलेलं वॉटरप्रूफिंग मी पहिल्याच पावसात गळताना पाहिलं आहे.

काम संपलं की शेवटच्या बिलाआधी गच्चीवर कडेनं बांध घालून दोन इंच पाणी तीन दिवस साठवा. चौथ्या दिवशी सकाळी समितीतल्या दोन पालकांनी टॉर्च घेऊन खालून तेच चौकोन पुन्हा तपासायचे, आणि छत कोरडं असेल तरच काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करायची.