काळी शेताला, मुरूम घराला : नाशकात जमीन तपासायचं काम शिकताना

जमीन बघायला बोलावणारे लोक एकच प्रश्न विचारतात : 'जमीन चांगली आहे का?' या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका. आधी उलट विचारा, कशासाठी? द्राक्षासाठी, डाळिंबासाठी, विहिरीसाठी, शेडसाठी की दोन मजली घरासाठी? हे कळल्याशिवाय दिलेलं मत कुणाच्याच कामाचं नसतं.

नाशिक जिल्ह्यात हे फार ठळकपणे दिसतं. गोदावरी, कादवेच्या काठची निफाडकडची काळी जमीन सोन्यासारखी मानतात. गहू, हरभरा, ऊस, कांदा, सगळं तिच्यात जोमदार येतं. तिच्यातली चिकणमाती बेसाल्टची झीज होऊन तयार झाली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट गटाचं खनिज भरपूर असतं. हे खनिज पाणी धरून ठेवतं, म्हणून पीक तग धरतं. पण पाणी शोषलं की ते फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात त्याच शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे उथळ पायावर बांधलेल्या घराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात त्या यामुळेच. शेतकऱ्याचं भांडवल ते बांधकामवाल्याची डोकेदुखी. उलट डोंगराच्या पायथ्याचं मुरमाड बरड शेतकऱ्याला नकोसं असतं, पण घराचा पाया तिथे निर्धास्त बसतो. डाळिंबाला मात्र निचऱ्याची मुरमाड जमीन चालते, म्हणून सटाणा, देवळ्याकडच्या हलक्या जमिनींवर बागा उभ्या राहिल्या.

पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस धो धो. तिथे तांबूस, उथळ, धुपणारी माती आणि भातखाचरं. पूर्वेला येवला-नांदगाव पर्जन्यछायेत. एका जिल्ह्यात इतकी तफावत असल्यामुळे शिकणाऱ्याला इथे जे बघायला मिळतं ते फार थोड्या जिल्ह्यांत मिळेल.

काम सुरू होतं कागदापासून. सातबाऱ्यावरचा 'आकार', म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा, बघायची सवय लावा. इंग्रजी अमलातली मूळ पाहणी मातीची खोली, पोत आणि दोष बघून प्रतवारी लावत असे आणि त्यावरून आकारणी ठरत असे. आज ती रक्कम नाममात्र आहे, पण शेजारच्या दोन गटांचा आकार क्षेत्राच्या मानाने वेगळा दिसला तर जुन्या पाहणीत काहीतरी फरक सापडलेला असतो. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी भाग, किती आहे तेही तिथेच कळतं. बांधकामासाठी झोन दाखला (जागा आराखड्यात कशासाठी राखली आहे ते सांगणारा), बिगरशेतीची स्थिती आणि पूररेषा बघायच्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. नाशिककर गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावरून पूर मोजतात, आणि 2008 च्या सप्टेंबरातला पूर अजून लोकांच्या बोलण्यात असतो. अशा आठवणी टिपून ठेवा. नकाशावरची रेषा आणि म्हाताऱ्या माणसाचं 'पाणी इथवर आलं होतं' हे जुळतं का, ते बघण्यात खरी मजा आहे.

यापुढे खड्डा. माझ्या मते खड्ड्यात उतरल्याशिवाय जमिनीबद्दल बोलू नये. वरून सगळी काळी जमीन सारखी दिसते. दोन-अडीच हात खाली गेलात की एखाद्या ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे लागतात, कुठे मुरूम, कुठे नुसती चिकण आणि चिकण. जेसीबीने खणलेला खड्डा मिळाला तर सोनं समजा. कडा ढासळणार नाहीत एवढी खात्री करून मगच उतरा. भिंत आधी सुरीने खरवडून घ्या, कारण बकेटच्या घासण्याने खरा रंग झाकला जातो. मग ढेकूळ हाताने फोडा. आतली बाजू साबण लावल्यासारखी चकचकीत दिसली, तर माती फुगून एकमेकांवर घासली गेली आहे हे समजावं. राखाडी पट्ट्यात गंजासारखे तांबडे ठिपके दिसले तर पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं. द्राक्षाला ती खूण फार महत्त्वाची. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकल्यावर जोरात फेस आला तर चुना मुबलक. तिथे वेलाची कोवळी पानं पिवळी पडण्याची, म्हणजे लोह मिळत नसल्याची तक्रार येते. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढून बघा. न तुटता बोटभर लांब निघाली तर चिकण जास्त. या साध्या चाचण्या हातात बसायला वेळ लागतो. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर आपला अंदाज त्याच्याशी ताडून बघत राहा, बोटं हळूहळू शहाणी होतात.

शेतीसाठीचा नमुना घेताना कंटाळा नको. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, नुकतंच खत टाकलेल्या ओळीत नमुना घेऊ नका. नागमोडी चालत, मातीच्या रंगात फरक असेल तिथे भाग वेगळे करून, प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा करा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी अवजार वापरू नका. फळबागेसाठी वरचा थर पुरत नाही : 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटीमीटर, तिन्हींचे वेगळे नमुने लागतात. विहिरीच्या पाण्याचा नमुना सोबत घ्या, अर्धा प्रश्न तिथेच असतो. कालव्याखालच्या जमिनींत सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, 15 टक्क्यांहून जास्त निघालं तर चोपण जमीन समजा, म्हणजे सोडियममुळे घट्ट झालेली, पाणी न मुरणारी. तिथे सोडियम सुटं करायला जिप्सम टाकतात, पण त्याआधी निचऱ्याचा विचार करावा लागतो. पाणी बाहेर जायला वाटच नसेल तर जिप्समने सुटा झालेला सोडियम तिथेच राहणार. खारं पाणी सहन करणाऱ्या डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळाकडच्या वेलावर) द्राक्षाचं कलम का करतात, ते अशा अहवालांवरून कळतं.

बांधकामाकडे वळलो की खोली आणि भार यांची भाषा बदलते. मला सर्वांत आवडलेली चाचणी मोकळ्या फुगवट्याची, कारण तिला काचेच्या दोन नळ्यांपलीकडे फारसं काही लागत नाही. बारीक चाळलेली कोरडी माती प्रत्येकी 10 ग्रॅम, एका नळीत रॉकेल, दुसरीत पाणी, आणि किमान एक दिवस थांबायचं. रॉकेलमधली माती फुगत नाही. समजा तिथे मातीची पातळी 10 आणि पाण्यात 18 निघाली, तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या वर गेला की मी सावध होते. घरमालकाला आकडे सांगून समजत नाहीत. या दोन नळ्या शेजारी ठेवून दाखवल्या की काहीच सांगावं लागत नाही.

इमारत मोठी असेल तर बोअर घेऊन प्रमाणित भेदन चाचणी करावी लागते : 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून पाडत नमुना-नळी जमिनीत ठोकायची आणि शेवटच्या 30 सेंटीमीटरसाठी किती ठोके लागले ते मोजायचं. काळीचा थर पातळ असेल तर ती काढून मुरमावर पाया नेणं सगळ्यात सोपं. थर जाड असेल तर अंडररीम पाइल (खालच्या बाजूला फुगीर केलेले खोल खांब) किंवा पायाखाली न फुगणाऱ्या मातीचा थर, हे पर्याय स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर ठेवायचे. निर्णय त्यांचा, आपण आपल्या हद्दीबाहेर सही करू नये. घराभोवती फरसबंदी करा, भिंतीला लागून झाडं लावू नका, पाइप गळू देऊ नका, हे मात्र आवर्जून लिहा. ओलावा सारखा राहिला तर काळीही पुष्कळ ऐकते.

या कामात यायच्या वाटा अनेक. बीएस्सी कृषी करून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रात पुढे शिकता येतं. भूशास्त्र किंवा सिव्हिलचा डिप्लोमा असेल तर बांधकामाच्या बाजूने शिरता येतं. दिंडोरी रोडवरची 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1959 पासून धरणांसाठी मृद्‌यांत्रिकीचं काम करते आहे. तिच्यामुळे आपल्याच गावात या विषयाची परंपरा आहे. पहिलं वर्ष शक्यतो प्रयोगशाळेत घालवा. नमुने वाळवणं, चाळणं, नोंदी ठेवणं कंटाळवाणं वाटतं, पण चुकीचा घेतलेला नमुना कसा ओळखायचा हे तिथेच कळतं. शेतीवाल्यांनी सिव्हिलची आणि सिव्हिलवाल्यांनी शेतीची एक तरी वही भरावी. दोन्ही बाजू जाणणारा माणूस शहर पसरतं तिथे, म्हणजे आडगाव, पाथर्डी, मखमलाबादच्या बाजूला, फार लागतो.

अहवाल लिहिताना तीन गोष्टी स्वतंत्र ठेवा : काय पाहिलं, काय मोजलं, त्यावरून काय वाटतं. ग्राहक 'हो की नाही' म्हणून मागे लागतात, दलाल तर जास्तच. 'द्राक्षाला चालेल, पण उत्तरेकडचा कोपरा सोडून, आणि चर काढल्यावरच' असं उत्तर त्यांना लांबलचक वाटतं. तरीही तसंच लिहा, तारीख आणि खड्ड्याचं ठिकाण टाकून. काम उन्हाळ्यात झालं असेल तर पावसाळ्यात एक चक्कर मारा आणि त्याच खड्ड्यात पाणी कितीपर्यंत चढलं ते वहीत लिहून ठेवा.