एजंटला फाईल डिलीट करायचं टूल देताय? मग वर्णन नीट लिहा

एआय एजंटवर (म्हणजे टूल वापरून स्वतः कामं करणाऱ्या भाषा-मॉडेलवर) काम करणाऱ्या टीममध्ये नवीन आलात की सुरुवातीला एखादं छोटं टूल लिहायला मिळतं, आणि ते डिलीट फाईल असेल तर पोरं खूषच होतात कारण पायथनमध्ये ओएस डॉट रिमूव्ह, एका ओळीत काम झालं. मग वर्णनाच्या जागी "फाईल डिलीट करतं" एवढं टाकून रिव्ह्यूला पाठवून देतात. माझं म्हणणं, इथे कोडपेक्षा वर्णनालाच जास्त वेळ द्या. मॉडेलला सहसा तुमचा कोड दिसतच नाही, त्याच्यापर्यंत पोचतं ते टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशी द्यायची त्याचा साचा), बाकी सगळं ते अंदाजाने भरतं.

आणि अंदाज चुकायला जागा भरपूर आहे. ओएस डॉट रिमूव्हला फोल्डर दिला तर लिनक्सवर एरर 21 (म्हणजे 'हा फोल्डर आहे') येतो. तुम्ही तो तसाच परत पाठवलात तर एजंट काय करणार, शेल हाताशी असेल तर सरळ आरएम -आरएफ (अख्खा फोल्डर न विचारता उडवणारी कमांड) मारून मोकळा, कारण त्याच्या दृष्टीने काम अडलंय आणि वाट काढायचीय. स्टार (म्हणजे वाइल्डकार्ड) टाकून पाथ दिला तर रिमूव्ह तो उलगडत नाही, त्याच नावाची फाईल शोधतो आणि मिळाली नाही म्हणतो, मग एजंट यूजरला सांगतो की साफसफाई आधीच झालेली आहे! सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी लिंक) दिली तर फक्त लिंक जाते, मूळ फाईल जागेवरच.

सगळ्यात गंमत डिस्क भरल्यावर येते. लिनक्सवर डिलीट म्हणजे फाईलचं नाव काढणं, जागा मोकळी होते ती शेवटची हार्डलिंक (त्या फाईलला दिलेलं शेवटचं नाव) गेल्यावर आणि फाईल उघडून बसलेल्या सगळ्या प्रोसेसनी ती सोडल्यावर. म्हणजे एजंटने चालू सर्व्हरची मोठी लॉग फाईल उडवली तरी डीएफमध्ये (डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये) आकडा तोच, मग तो दुसरी उडवतो, मग तिसरी... ही गोष्ट वर्णनात एका वाक्यात सांगितली की पुढचं टळू शकतं.

मी साधारण असं लिहितो (वर्कस्पेस म्हणजे एजंटला काम करायला दिलेला फोल्डर): "वर्कस्पेसमधली एक फाईल कायमची डिलीट करतं, ट्रॅशमध्ये जात नाही, परत आणता येत नाही. यूजरने ती फाईल हटवायला स्पष्ट सांगितलं असेल किंवा याच कामात तूच ती तयार केली असशील तरच वापर. फोल्डर आणि वाइल्डकार्ड चालत नाहीत. सिमलिंक दिल्यास फक्त लिंक जाते. उघडी फाईल डिलीट केल्यावर डिस्कवर लगेच जागा होईलच असं नाही, म्हणून त्यासाठी आणखी फाईली डिलीट करू नकोस. मजकूर बदलायचा असेल तर एडिटचं टूल वापर." पाथच्या वर्णनात वेगळं सांगायचं की तो वर्कस्पेसच्या रूटपासून धरायचा, आणि सोबत रिपोर्ट्स/जुलै.सीएसव्ही असं एक उदाहरण.

गिटचा (फाईलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलचा) भरवसा धरून "परत आणता येतं" असं लिहू नका हां. कमिट झालेली फाईल येते परत, पण अनट्रॅक्ड (गिटमध्ये न घेतलेली) फाईल किंवा गिटइग्नोरमधली, म्हणजे गिटने वगळायच्या यादीतली, डॉट ईएनव्ही गेली की गेली.

उलट बाजूने, काही जण वर्णनात चार वेळा "कधीही नाही", "अत्यंत धोकादायक" असं ओरडून ठेवतात, आणि मग यूजर स्वतः सांगतोय की ही टेंप फाईल काढ तरी एजंट दोनदा विचारत बसतो. धाक घालू नका, नक्की काय होतं ते सांगा.

एमसीपी (एजंटला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) वापरत असाल तर तिथे डिस्ट्रक्टिव्ह हिंट नावाची खूण असते, काही दिलं नाही तर ती खरीच धरली जाते, तरी स्वतः लिहा. पण नावातच हिंट आहे, त्याने काही अडत नाही. वर्णनानेही अडत नाही. वर्कस्पेसबाहेरचा पाथ कोडनेच नाकारला पाहिजे, आणि इथे एक बारीक खोच आहे: तपासायला अख्ख्या पाथवर रिअलपाथ (सिमलिंक उलगडून खरा पाथ देणारं फंक्शन) चालवून आलेला पाथच डिलीट केलात तर सिमलिंकऐवजी मूळ फाईल उडते, वर्णनात लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं. म्हणून रिअलपाथ फक्त वरच्या फोल्डरचा काढायचा आणि शेवटचं नाव त्याला तसंच जोडायचं.

एरर मेसेजही वर्णनाचाच भाग समजा. एरर 21 ऐवजी "हा फोल्डर आहे, या टूलने जात नाही, दुसऱ्या मार्गाने हटवू नकोस, यूजरला विचार" असं परत पाठवा.

टेस्ट करताना "अमुक फाईल डिलीट कर" असं सोपं देऊन काही कळत नाही. "जुनं सगळं जरा आवरून ठेव" असं मोघम द्या, आणि डिलीटला हात लावायच्या आधी तो यादी दाखवून विचारतो का ते बघा. नाही विचारलं तर आधी वर्णनातलं "स्पष्ट सांगितलं असेल" हे वाक्य उलगडून लिहा, मोघम आवराआवरी त्यात धरायची नाही असं, आणि पुन्हा चालवा.