इंग्रजी शब्दाची जात कशी ओळखावी?

‘वॉटर म्हणजे पाणी, म्हणजे नाम’ असं पाठ केलेलं मूल ‘दे वॉटर द शुगरकेन’ या वाक्यापाशी अडतं. कृष्णाकाठी आपण उसाला पाणी ‘देतो’. इंग्रजीत ते देणं वॉटर या एकाच शब्दात आलं, आणि तो क्रियापद झाला. मराठीत ला, ने, त हे प्रत्यय शब्दाचं काम सांगतात. इंग्रजीतले असे जुने प्रत्यय बहुतेक झडून गेले, त्यामुळे तिथे काम कळतं ते शब्दाच्या जागेवरून. म्हणून सुटा शब्द देऊन मुलांना त्याची जात विचारू नका. वाक्य द्या.

पहिल्यांदा क्रियापद शोधायचं. वाक्य कालचं करून बघा: ‘येस्टरडे दे वॉटर्ड द शुगरकेन.’ बदलला तो क्रियापद. कट, पुट भूतकाळातही तसेच राहतात. तिथे वर्तमानकाळात कर्ता ‘ही’ घ्या, लगेच ‘कट्स’, ‘पुट्स’ होतं.

मग शब्दाच्या आधी पाहा. अ, ॲन, द, माय दिसलं की पुढे नाम येणार, पण अगदी लगतचा शब्द नाम असेलच असं नाही. ‘ही वन द राउंड’मध्ये राउंड नाम आहे, ‘अ राउंड टेबल’मध्ये तेच विशेषण, कारण नाम त्याच्या पुढे बसलंय.

आता शब्दाच्या पुढे. खरी गफलत इथे होते, तेव्हा सावकाश जा. ‘बिफोर’ घेऊ.

‘आय हॅव सीन कास बिफोर.’ पुढे काही नाही: क्रियाविशेषण.
‘वी रीच्ड कास बिफोर द रेन.’ पुढे नाम: शब्दयोगी अव्यय.
‘वी रीच्ड कास बिफोर द रेन स्टार्टेड.’ पुढे कर्ता आणि क्रियापद, म्हणजे अख्खं उपवाक्य: उभयान्वयी अव्यय.

‘द रेन’ दिसताच थांबणाऱ्याला दुसरं आणि तिसरं वाक्य सारखंच वाटतं. पूर्णविरामापर्यंत वाचायला लावा. शब्दयोगी अव्यय मराठीत नामाला चिकटतं, ‘पावसापूर्वी’; इंग्रजीत ते नामाआधी सुटं उभं राहतं, म्हणूनही मुलं चकतात.

सरावाला ‘राउंड’ची उरलेली तीन रूपं द्या: ‘शी टर्न्ड राउंड’, ‘वी वॉक्ड राउंड अजिंक्यतारा’, ‘द बस राउंडेड द कॉर्नर’. उत्तरं क्रमानं क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, क्रियापद.

काही शब्दांत उच्चारही खूण देतो: ‘यूज’ नाम असेल तर शेवटी स, क्रियापद असेल तर झ. स्पेलिंग मात्र तेच, त्यामुळे वाक्य मोठ्यानं वाचून घ्या.