टेंडर हातचं का जातं? सरकारी खरेदीत होणाऱ्या या चुका टाळा

"आमचा दर सगळ्यात कमी होता, तरी काम दुसऱ्याला गेलं." टेंडरचा निकाल लागला की हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि पाठोपाठ "सगळं आधीच ठरलेलं असतं" हेही. कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दराचा लिफाफा उघडलेलाच नसतो.

दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात नापास झालात तर तुमचा दर कोणी बघतही नाही. आणि इथे हुशार माणसंही फार साध्या गोष्टींवर अडकतात. अट असते 'पूर्ण केलेल्या कामांचा अनुभव' अशी, आणि जोडलेला असतो कार्यादेश. कार्यादेश म्हणजे काम मिळालं. ते पार पडलं हे पूर्णत्वाच्या दाखल्यावरूनच कळतं. समितीतल्या कोणी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलं असलं तरी कागदावर नाही त्याला गुण देता येत नाहीत. टेंडरची वैधता वाढवली जाते तेव्हा अनामत म्हणून दिलेल्या बँक हमीची मुदत वाढवायची राहून जाते, हा दुसरा नेहमीचा घोळ. सर्वांत वाईट म्हणजे तांत्रिक कागदांत चुकून दरपत्रकच अपलोड होणं. अशी निविदा सहसा तिथेच बाद होते.

आपल्या अटी घुसडणं हीही तशीच चूक. 'वाहतूक खर्च वेगळा', 'निम्मी रक्कम आगाऊ' असं एक वाक्य दराखाली लिहिलं की निविदा सशर्त ठरते. शंका असेल तर निविदापूर्व बैठकीत विचारा. त्यावरून अट बदलणारं शुद्धिपत्रक निघालंच तर ते सगळ्यांनाच लागू होतं.

आता 'कमी दर म्हणजे काम' या समजाकडे येऊ. ठरावीक प्रतीच्या वस्तूंसाठी तो बराचसा बरोबर आहे. सल्ला, आराखडा, सॉफ्टवेअर अशा सेवांत मात्र अनेकदा गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण असतात. समजा गुणवत्तेला ७० आणि दराला ३० टक्के भार आहे; सर्वांत कमी दराला पूर्ण ३० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी. पहिल्याला तांत्रिक गुण ९०, दर १००. दुसऱ्याला गुण ८०, दर ८०. पहिल्याचे गुणवत्तेचे ६३ आणि दराचे २४, एकूण ८७. दुसऱ्याचे ५६ आणि ३०, एकूण ८६. म्हणजे महागडा जिंकला. पण दुसऱ्याने ८० ऐवजी ७५ दर भरला असता, तर पहिल्याचे दराचे गुण २२.५ वर आले असते आणि तो ८५.५ वर, म्हणजे दुसऱ्याच्या ८६ च्या मागे, थांबला असता. दर भरण्याआधी हे गणित कागदावर मांडून बघणारे फार थोडे. भाराचे आकडे निविदेत छापलेले असूनही!

दर वाटेल तितका पाडूनही भागत नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार दर अस्वाभाविक कमी वाटला तर पुरवठादाराकडे खुलासा मागावाच लागतो. तो पटला नाही तर निविदा नाकारता येते.

काही खरेदीत तर टेंडर निघतच नाही, आणि जाहिरातीची वाट बघणारा बसूनच राहतो. खात्याकडे आधीचा दरकरार (ठरावीक काळासाठी पुरवठादाराशी ठरवलेले दर) असेल तर माल त्यातूनच मागवला जातो. काही खरेदी कायद्यानेच राखून ठेवलेली असते. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने दृष्टिहीनांना काम देणाऱ्या संस्थांच्या वस्तूंना सरकारी खरेदीत हक्काची जागा मिळाली. भारतात केंद्रीय खात्यांना वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते, आणि जेम (GeM) या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवर मिळणारी वस्तू तिथूनच घ्यावी लागते. अशा दरकरारात, राखीव पुरवठादारांत किंवा पोर्टलवर आधीच नाव नसेल तर मागणी निघाल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही.

हरल्यावर गप्प बसू नका. बाद का झालो, कोणत्या मुद्द्यावर किती गुण मिळाले, हे लेखी विचारा, आणि लगेच विचारा. युरोपात मोठ्या निविदांचा निकाल ऑनलाइन कळवल्यावर करारावर सही व्हायला किमान १० दिवस थांबतात. हरकत घ्यायची ती त्याच दिवसांत.