सोलापूरच्या गाण्याबजावण्यावर डॉक्युमेंट्री करताय? मिरवणूक नंतर, आधी सराव शूट करा

मास कॉमची पोरं विचारतात, प्रोजेक्टला "सोलापूरचं संगीत" हा विषय चालेल का. चालेल की, पण एवढा मोठा नका घेऊ बे. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला (जानेवारीतली यात्रा) हलगी, गणपतीत लेझीम, विणकरांच्या पूर्व भागात तेलुगू भजनं, १४ एप्रिलला भीमगीतं, उरुसाला कव्वाली, लग्नात बँजो, आणि सिद्धरामेश्वरांची, म्हणजे सिद्धेश्वरांचीच, कन्नड वचनं ती वेगळीच. हे सगळं दहा मिनिटांत कोंबलं की टुरिझमची जाहिरात होते, डॉक्युमेंट्री नाही.

त्यापेक्षा एक ग्रुप धरा आणि एक प्रश्न धरा. समजा बाळीवेशीकडचा एखादा हलगीचा ताफा, आणि प्रश्न असा की पोराला बापाची हलगी शिकायचीय का डीजे ऑपरेटर व्हायचंय. असा प्रश्न असला की कुठला शॉट लागणार नि कुठला नाही हे आपोआप कळायला लागतं. आणि हलगी घेतली तर एक गोष्ट टाळू नका, हे वाद्य पिढ्यानपिढ्या बहुतेक मातंग घरांनी सांभाळलंय, तेव्हा मान कोणाला मिळायचा नि लांब कोणाला उभं करायचे हे विचारावं लागतं, नीट बसून, कॅमेरा बंद ठेवून आधी. ते न विचारता नुसता ठेका दाखवला तर फिल्म अर्धीच.

आता मेन मुद्दा. मिरवणूक सगळेच शूट करतात, हजार मोबाईल वर असतात, तुमचा शॉट त्यातलाच एक. सराव मात्र सहसा कोणी शूट करत नाही. गणपतीच्या आधी रात्री चौकात लेझीमचे डाव बसवतात, तिथं कोण चुकतंय, कोण ओरडतंय, कुणाची आई गॅलरीतून बघतीय, खरी माणसं तिथं दिसतात. यात्रेच्या आधी नंदीध्वज पेलायचा सराव पण असाच चालतो. यात्रेत सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातली गर्दी बघायला भारी वाटते, पण एवढी उंच काठी तोलायला मान, कंबर, पाय कसे लागतात ते सरावातच दिसतं.

हलगीवाल्यांकडं गेलात तर वाजवायच्या आधीचा वेळ सोडू नका. कागद नाहीतर काटक्या पेटवून त्यावर हलगी शेकतात, मधे मधे बोटानं टिचकी मारून बघतात, कातडं ताणलं जाऊन आवाज टणटणीत आला की मगच खांद्याला अडकवतात. डाव्या हातात बारीक काडी, उजव्यात जाड. हे दोन मिनिट शांतपणे, जवळून शूट करा, आणि वरून म्युझिक नका टाकू प्लीज.

वेळापत्रक लवकर ठरवा. सबमिशन मार्च-एप्रिलला आणि विषय डिसेंबरला ठरला तर श्रावणातला मार्कंडेय रथोत्सव गेला, गणपती गेला, हातात फक्त जानेवारीची यात्रा उरली. जूनलाच ग्रुप ठरवला तर पोरांशी ओळख होते, एक-दोन वेळा कॅमेरा न नेता नुसतं चहा प्यायला जा. ज्या दिवशी त्यांची वाजवायची सुपारी असेल त्या दिवशी मुलाखत मागू नका, ती लोकं कामावर आहेत. आणि तुमच्यासाठी मुद्दाम वाजवायला बोलवताय तर मानधन द्या, थोडं का असेना, "एक्स्पोजर मिळेल काका" हे ऐकून ती कंटाळलीयत.

आवाज हा सगळ्यात लई त्रासाचा भाग. हलगीसमोर मोबाईलच्या माईकवर आवाज फाटतो आणि एडिटिंगमध्ये ते दुरुस्त होत नाही. एक साधा रेकॉर्डर भाड्यानं घ्या, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सेटिंग) बंद करा, सगळ्यात जोरात वाजलं तरी मीटर उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नका आणि थोडं लांब बाजूला उभं रहा. मुलाखत कॉलर माईकवर घ्या. पूर्व भागात घरात घेत असाल तर आधी लूमची खटखट ऐका, ती मागं हवीय का नको ते ठरवा, हवी असेल तर एक मिनिट नुसती तीच वेगळी रेकॉर्ड करा, एडिटला जीव वाचतो. व्हिडिओ २५ फ्रेमवर, शटर १/५०, नाहीतर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या लाईटमध्ये ट्यूबलाईट फडफडल्यासारखी दिसते.

डीजेवर वाजणारं सिनेमाचं गाणं फिल्ममध्ये आलं की यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम बहुतेक येणारच. मिरवणुकीत वाजवायला कायद्यानं सूट असली तरी ती तुमच्या फिल्मला लागू होत नाही. हे पण सराव घ्यायचं एक कारण. परवानगी नुसती तोंडी नको, रेकॉर्ड करा, कॅमेऱ्यासमोरच नाव सांगून "यूट्यूबला टाकलं तर चालेल" असं त्यांच्याकडून त्यांच्याच भाषेत वदवून घ्या, शाळकरी पोरं असतील तर आईवडलांकडून. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिथं ट्रायपॉड लावायच्या आधी विचारा. ड्रोनचं तर विसराच, गर्दीवर उडवायचा नाही.

उन्हाळ्यात शूट असेल तर सकाळी दहाच्या आत उरका, एप्रिलमध्ये दुपारी मोबाईल गरम होऊन बंद पडतो. डब्यात कडक भाकरी नि शेंगा चटणी, खराब होत नाही.

कन्नड-तेलुगू बोलणाऱ्यांना मराठीत बोला म्हणू नका, त्यांचं त्यांना बोलू द्या, खाली मराठी सबटायटल द्या, आणि ते त्या भाषेतल्या एखाद्या मित्राकडून तपासून घ्या. सबमिशनच्या आधी रफ कट (कच्चं एडिट) त्या ग्रुपला दाखवा, चौकात भिंतीवर प्रोजेक्टर लावला तरी चालतं. "हे काढ बे, घरचे बघतील" असं कोणी म्हणालं तर काढा. आणि फुटेज दोन हार्डडिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडं, दुसरी तुमच्या प्रोजेक्टमधल्या दुसऱ्याच्या घरी.