जड इंजिन बसवलं आणि होडीने नाक वर केलं

माझं जुनं टू-स्ट्रोक इंजिन ३६ किलोचं होतं. तेवढ्याच, म्हणजे १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आणलं, ते भरलं ५२ किलो. दादाने विचारलं, "होडीला झेपेल ना?" मी म्हटलं, सोळा किलो तर वाढतायत, एखादं लहान पोर मागे बसवलंय असं समज. पहिल्याच दिवशी जाळ्याचा बोया जवळ आला म्हणून थ्रॉटल एकदम सोडला, आणि मागून येणारी आमचीच लाट इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवरून आत आली. दादाच्या चपला तरंगत माझ्या पायाशी आल्या.

हेच सोळा किलो सगळ्या होडीवर सारखे पसरले असते तर माझी १४ फुटी होडी जेमतेम ४-५ मिलिमीटर खाली बसली असती. पण इंजिन टांगलेलं असतं पार शेवटच्या टोकाला. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, याचा हिशोब आधी करा.

त्याहीआधी एक बघून घ्या. होडीवर बनवणाऱ्याची पट्टी असेल तर जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर आणि किती वजन चालतं ते त्यावर असतं. आकडा ओलांडत असाल तर पुढचं काही करू नका. मागची फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आत लाकूड कुजलंय. इंजिन नुसत्या पकडस्क्रूंवर सोडू नका. आरपार बोल्ट टाका, भोकं सीलंटने भरा.

आता मोजणी. जुनं इंजिन काढण्याआधी, शांत पाण्यात, होडीत कुणी नसताना होडीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवा. मी हे केलं नव्हतं. माझं नशीब की होडीच्या अंगावर शेवाळाची जुनी रेघ होती. नवं इंजिन लावल्यावर ती मागे बोटभर बुडाली होती. मग मी नेहमीच्या जागी, टिलर म्हणजे इंजिन वळवायचा दांडा धरून बसलो, तर दादा धक्क्यावरून ओरडला, "अजून तीन बोटं!" इंजिनाने एक बोट खाल्लं आणि मी तीन. इतके दिवस सगळा दोष इंजिनाला देत होतो.

हिशोब सोपा आहे. होडीचा तोल जिथे असतो, म्हणजे मध्याच्या जरा मागे, तिथून माझं इंजिन साधारण २ मीटरवर आहे. वाढलेले १६ किलो गुणिले २, म्हणजे ३२. एवढं पुढच्या बाजूला परत मिळवायचं. त्यासाठी होडीत जे आहे तेच पुढे सरकवा. वजन गुणिले किती मीटर सरकवलं, बस. माझी बॅटरी १२ किलोची, ती दीड मीटर पुढे नेली, १८ झाले. पेट्रोलची टाकी २५ लिटरची. भरलेल्या टाकीवर हिशोब करू नका, परतीच्या वाटेवर ती रिकामी होत आलेली असते. अर्धी भरलेली टाकी धरून साधारण १३ किलो, ती १ मीटर पुढे. झाले ३१. पुरे.

बॅटरी लांब गेली की केबल जाड घ्यावी लागते, नाहीतर स्टार्टर रडत फिरतो. पेट्रोलच्या नळीवरचा, दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब मात्र इंजिनाजवळच राहू द्या, बाण इंजिनाकडे.

आणि स्वतः पुढे सरका. टिलरला लांब दांडा जोडला आणि मी अर्धा मीटर पुढे बसायला लागलो. ७० किलोचा माणूस, ३५ झाले. सोळा किलोंचं सगळं दुखणं एका दांड्यात गेलं. मग बॅटरी-टाकी कशाला हलवली? कारण जाळं ओढताना मी जागेवर नसतो, आणि रात्री होडी नांगरावर एकटी असते. तेव्हा पावसाचं पाणी मागेच साचतं, आणि बाहेर सोडायचं भोक समुद्राच्या पातळीखाली गेलं असेल तर समुद्राचंच पाणी उलट आत येतं.

टिलर डाव्या हाताने धरून उजवीकडे बसत असाल तर बॅटरी आणि टाकी डावीकडे ठेवा. दोन्ही कोपरे तुम्ही बसलेले असतानाच मोजा.

सरकवायला काहीच नसेल तर नाळेत वजन ठेवावं लागतं. तिथे वाळूची पोती नकोत. होडी पाण्याने भरली की वाळू तिला खाली ओढते, आणि पाण्याने भरलेला कॅन तेव्हा जवळजवळ वजनशून्य होतो. कॅन मात्र गळ्यापर्यंत भरा आणि बांधा. अर्धा कॅन आत हिंदकळतो. होडी भरली तरी वाढलेले १६ किलो तरंगते राहावेत म्हणून मागच्या बाकाखाली १६-१७ लिटर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोमही कोंबला.

इंजिनाची उंची आणि तिरकेपणा शेवटी बघा. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, किंवा फार तर इंचभर खाली. वेगात नाळ वर-खाली उड्या मारत असेल तर तिरकेपणाची पिन एक भोक आत, म्हणजे फळीकडे घ्या. फार आत घेतलीत तर नाळ लाटेत घुसते आणि टिलर जड होतो. पिनेचा उपयोग चालत्या होडीला. उभी होडी मागे बसली असेल तर पिन काही करत नाही.

सगळं झाल्यावर किल-कॉर्ड, म्हणजे माणूस पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला अडकवून, शांत पाण्यात, आधी कमी वेगाने आणि मग वाढवत, थ्रॉटल एकदम सोडून बघितला. लाट आली, फळीवर आपटली, चार थेंब आत उडाले. दादा चपला हातात घेऊनच बसला होता.